'मुंढ्यात काचतं' हे इंग्रजीत कसं सांगायचं?

मिरजेची शिवणकाकू
नमस्कार मंडळी. मी मिरजेत 22 वर्षं ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवते. लेकीच्या बाळंतपणासाठी ऑक्टोबरपासून इंग्लंडात, रेडिंगला आले आहे. समोरच्या बाईचं माप मी नजरेनं सांगते, पण परवा एकटी कोट घ्यायला गेले आणि स्वतःचं माप सांगताना माझीच बोबडी वळली.

आत शिरल्याशिरल्या तिथल्या मुलीनं विचारलं, "यू ऑलराइट देअर?" मी म्हटलं, "येस, ओन्ली लिटल नी पेन." ती बिचारी माझ्या गुडघ्याकडे बघायला लागली. मग "व्हेअर इज ट्रायल रूम?" विचारलं, ते तिला कळेना. साइज विचारल्यावर मात्र मी ठसक्यात "फॉर्टी टू" म्हणाले. कुर्त्याला 42 च लागतो ना मला! तिनं 42 लिहिलेला कोट आणला, तो दंडातच अडकला. "टाइट, टाइट" एवढंच बोलून निघून आले.

मला एवढंच शिकवा: घालून बघू का, एक साइज वरचा दाखवा, मुंढ्यात काचतं, बाही लांब होतेय. देवनागरीत लिहा, म्हणजे कागदावर उतरवून पर्समध्ये ठेवीन.

लंडनचा जुना भाडेकरू
काकू, तुम्ही बोललात ते इंग्रजीच, पण लक्ष्मी रोडचं. ट्रायल रूम, फ्री साइज, हाफ स्लीव्ह हे सगळं आपल्याकडचं. इथे चेंजिंग रूम किंवा फिटिंग रूम, वन साइज, शॉर्ट स्लीव्ह्ज. आणि "यू ऑलराइट देअर?" म्हणजे "काय दाखवू?" नुसतं बघायचं असेल तर "जस्ट लुकिंग, थँक्स" म्हणून पुढे सरकायचं. पहिलं वर्षभर मीही त्यांना माझी तब्येतच सांगत होतो.

घालून बघायला: "कुड आय ट्राय धिस ऑन, प्लीज?" शेवटचा 'ऑन' गाळू नका.
वरचा साइज: "हॅव यू गॉट धिस इन अ सिक्स्टीन?" मध्ये 'नंबर' नको. आकडा ठाऊक नसला तर "हॅव यू गॉट द नेक्स्ट साइज अप?"
बाहीसाठी: "द स्लीव्ह्ज आर अ बिट लाँग."
आणि तुमचा मुंढा: "इट्स अ बिट टाइट अंडर दि आर्म्स." त्या 'अ बिट'ला इथे फार मान. कोट अंगात शिरत नसला तरी तो 'अ बिट'च टाइट असतो.

शनिवारची सेल्सगर्ल
काकू, मी इथे शिकते आणि शनिवारी कपड्यांच्या दुकानात काम करते. तुमच्या 42 चा घोळ सांगते. तुमचा 42 म्हणजे छातीचे इंच. त्या कोटावरचा बहुधा युरोपचा 42, म्हणजे इथला 14. कसा बसणार? बऱ्याच लेबलांवर यूके, युरोप, अमेरिका असे तिन्ही आकडे असतात, त्यातला यूकेचाच वाचायचा. तुम्ही 16 आणि 18 दोन्ही घालून बघा.

तुमची उंची किती? 5 फूट 3 इंच किंवा त्याहून कमी असेल तर "डू यू हॅव धिस इन पेटीट?" विचारा. पेटीट म्हणजे बारीक बायकांचं नव्हे. रुंदीला तोच साइज, फक्त बाही आणि उंची आखूड.

चेंजिंग रूमच्या दाराशी "हाउ मेनी?" विचारलं तर आत किती कपडे नेताय तेवढं सांगायचं. वय सांगू नका, आमच्याकडे एका आजींनी सांगितलं होतं. आणि बिल जपा. दुकानात जाऊन घेतलेला कपडा नुसता बसला नाही म्हणून परत घ्यायची कायद्याने सक्ती नाही, ती दुकानाची मर्जी. आधीच विचारा: "कॅन आय ब्रिंग इट बॅक इफ इट डझन्ट फिट?"

एडिसनचा बापू
काकांसाठी पँट घेणार असाल तर जपून! आमच्या अमेरिकेत पँट्स म्हणजे पँटच, तुमच्या तिकडे आतली चड्डी. ट्राउझर्स म्हणा. बुटांची मात्र काळजी नको, आपल्याकडे बहुतेक यूकेचाच नंबर चालतो.

मिरजेची शिवणकाकू
आज जाऊन आले! माझी उंची 4 फूट 11, म्हणून पेटीटच मागितला. 16 घातला आणि कागद न बघता म्हटलं, "इट्स अ बिट टाइट अंडर दि आर्म्स." तिनं लगेच 18 आणून दिला. आत स्वेटर घालूनही मुंढा मोकळा! पेटीट असून बाही बोटभर लांब होतीच, ती घरी येऊन अस्तर उसवून आत दुमडली आणि हातशिलाई घातली. सेल्सगर्ल ताई, बिल जपून ठेवलंय गं, पण आता तो कोट कोण परत घेणार?