इंग्रजी प्रश्नांतले 'हूम' शिकवावे की सोडून द्यावे?

वैदेही: कर्त्यासाठी 'हू' आणि कर्मासाठी 'हूम' हा नियम आपण विद्यार्थ्यांकडून आधी घोकून घेतो व 'फॉर', 'टू' अशा शब्दयोगी अव्ययाकडे मागाहून वळतो, हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे. 'हू आर यू वेटिंग फॉर?' हेच आजचे रूढ इंग्रजी आहे. अव्यय शेवटी आले की वाक्य अशुद्ध होते, हा समजही निराधार आहे. इंग्रज व्याकरणकार रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ सालच्या आपल्या व्याकरणात ही रचना बोलण्यात रूढ असल्याचे मान्य केले होते. गंभीर लेखनात अव्यय आधी घेणे त्यांना अधिक डौलदार वाटे, इतकेच.

श्रीधर: बोलण्यापुरते मान्य आहे, वैदेहीताई. परंतु अव्यय आरंभी घेतले की प्रमाण लेखनात 'टू हू डिड यू स्पीक?' चालत नाही, तेथे 'टू हूम' हेच हवे. शिवाय 'कोण' आणि 'कोणाला' हा भेद ज्यांच्या अंगवळणी पडला आहे, त्यांना 'हूम' जड का जावे?

वैदेही: नेमका तोच आधार घात करतो. मराठीत 'शी', 'साठी', 'कडे' हे सारे 'कोणा'ला चिकटूनच येत असल्यामुळे ते 'हूम'मध्ये सामावले आहे असे विद्यार्थ्याला वाटते आणि तो 'हूम आर यू टॉकिंग?' एवढ्यावरच थांबतो. 'टू' गळून जातो. उलट 'तिने कोणाशी लग्न केले?' यातल्या 'शी'पायी तो 'हू डिड शी मॅरी विथ?' असे लिहितो, वास्तविक 'मॅरी'ला तेथे अव्यय लागतच नाही. म्हणून 'वेट फॉर', 'लिसन टू', 'डिपेंड ऑन' अशी क्रियापदे अव्ययासकट पक्की करून घ्यावीत. 'हूम' नंतर आले तरी बिघडत नाही.

मुकुंद: मी श्रीधररावांच्या बाजूचा आहे. 'हू कॉल्ड यू?' आणि 'हू डिड यू कॉल?' यांत 'डिड' कोठे लागतो, हे कर्ता-कर्म ओळखल्याशिवाय कळणार नाही, आणि ती ओळख 'हूम'मुळे पक्की होते.

वैदेही: पक्की होते म्हणता, पण हाच नियम घोकलेले लोक 'हूम डू यू थिंक विल विन?' असे लिहितात. 'थिंक'चे कर्म समजून ते 'हूम' घालतात. प्रत्यक्षात तो 'विल विन'चा कर्ता आहे, म्हणून तेथे 'हू'च हवे.

श्रीधर: ती चूक नियमाची नव्हे, अर्धवट शिकवण्याची आहे. उत्तर आधी लिहून पाहावे: 'आय थिंक ही विल विन' असे येते, 'हिम' येत नाही, म्हणून प्रश्नातही 'हूम' नव्हे, 'हू'. ही पडताळणी शिकवायची असेल, तर 'हूम' वगळून कसे चालेल?