१ ते ९ एकेकदाच वापरून संख्या करायची, ७ पाशी अडकलोय

रंकाळाकाठी: भावांनो मदत करा. काल रंकाळ्यावर भेळ खात बसलो होतो तर भाचीनं कोडं टाकलं, १ ते ९ आकडे एकेकदाच वापरून नऊ अंकी संख्या करायची, पहिल्या दोन आकड्यांच्या संख्येला २ ने भाग गेला पाहिजे, पहिल्या तिनांच्या ३ ने, असं करत करत अख्खीला ९ ने. म्हटलं त्यात काय, मोबाईलचा डायल पॅड उघडला, पहिली उभी ओळ १४७, दुसरी २५८, तिसरी खालनं वर ९६३. झाली १४७२५८९६३. आणि आईशप्पथ सगळीकडं भाग जातोय, ८ ने पण, फक्त ७ ला बाकी ६!! भाची हसायलीय, भेळेचं बिल माझ्यावर. असली संख्या खरंच असते का मला येडं करायलीय?

तांबडा_रस्सा: लई डोकं नको लावू, सरळ ९८७६५४३२१ टाक

तांबडा_रस्सा: थांब थांब, चेक केलं. माझी पण ७ लाच मेली, ९८७६५४३ ला बाकी ५. बाकी सगळीकडं जाते. ८ ने भागलं तर उत्तर १२३४५६७९, त्यातनं ८ च गायब, नाद खुळा

जुना मास्तर: कॅल्क्युलेटर ठेवा आधी बाजूला. पाचव्या जागी ५ च, शून्य आपल्याकडं नाहीच. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या जागी सम आकडे, मग उरलेल्या जागी विषम. तिसरा विषम असला की ४ ने भाग जायला चौथा २ किंवा ६ च लागतो, आठव्याचंही तेच, म्हणजे ४ नि ८ गेले दुसऱ्या-सहाव्या जागी. पहिल्या तिनांना ३ ने आणि पहिल्या सहांना ६ ने जायचंय, मग मधल्या तिघांची बेरीजही ३ च्या पाढ्यात पाहिजे, तिथं २५८ नाहीतर ६५४ एवढंच बसतं. ९ ची काळजी नको, १ ते ९ ची बेरीज ४५. ३ आणि ८ ची अट लावली की दहाच संख्या उरतात आणि तुम्हा दोघांच्या त्यातल्याच आहेत, म्हणून तर दोघंही ७ पाशीच आपटलात. दहाही ७ ने भागून बघा, एकच वाचते: ३८१६५४७२९.

पंचगंगा_पूर: ही कापरेकरांची का ओ सर?

जुना मास्तर: नाही, त्यांची ६१७४. देवळालीत शाळामास्तर होते ते. ती चार अंकी, वेगळी भानगड आहे.

पंचगंगा_पूर: बरं. आकडे परत वापरले आणि शून्य पण चालवलं तर ही गाडी २५ आकड्यांपर्यंत जाते, ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५, २५ अंकी असली ही एकच. सव्विसावा आकडा काहीही लावा, २६ ने भाग जात नाही.

रंकाळाकाठी: मास्तर, पाया पडतो. ३८१६५४७ भागिले ७ म्हणजे ५४५२२१, बाकी शून्य!! आणि शेवटी ० लावला की दहाही आकडे वापरून होतात आणि १० ने पण जातोय. लगेच भाचीला पाठवलं, तिचा रिप्लाय "मामा रात्रीचे साडेअकरा वाजलेत". बिलाचं बोलायलाच तयार नाही.