फोटोतले टॉवर खोडून टाकू का?

(आमचा नवी मुंबईतल्या सीवूड्सचा सोसायटी ग्रुप, रविवार दुपार. चाणक्यचं तळं म्हणजे टी. एस. चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेजवळचं, खाडीकाठचं तळं. नावं माझ्या फोनमध्ये सेव्ह आहेत तशीच ठेवलीत.)

बी-६०४ काका: [फोटो]

बी-६०४ काका: नमस्कार मंडळी. नवा कॅमेरा शिकतोय. आज सकाळी चाणक्यच्या तळ्यावर फ्लेमिंगो काढले. नुसतं छान म्हणू नका, काय बिघडलंय ते सांगा. आणि मागचे टॉवर ॲपने खोडून टाकू का? फार डोळ्यात खुपतात.

ए-७०१ गुड मॉर्निंग: अप्रतिम!! निसर्ग हाच देव 🙏🙏

ए-१०३ वहिनी: मस्त काका! पण गुलाबी का नाही दिसत हो? मला आधी बगळेच वाटले.

डी-४०२: छान. टँकर किती वाजता आहे?

सेक्रेटरी: टँकर ४ पर्यंत. वैयक्तिक फोटो शक्यतो या ग्रुपवर नकोत.

ए-१०३ वहिनी: असू द्या हो. रोज पार्किंगची भांडणं वाचतो, एक दिवस पक्षी बघू.

सी-२०१ कॅमेरावाली: काका, स्पष्ट बोलले तर चालेल ना? आधी एक करा. मूळ फोटो, काहीही न बदललेला, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. असा टाकला की व्हॉट्सॲप दाबून लहान करतं. मग धूसरपणा तुमचा की व्हॉट्सॲपचा तेच कळत नाही. सेटिंगही उडून जातात.

बी-६०४ काका: चालेल काय, तेवढ्यासाठीच टाकलाय. थांब, लॅपटॉप लावतो.

बी-६०४ काका: [फाइल]

सी-२०१ कॅमेरावाली: आली. लेन्स २५० एमएम, ॲपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) एफ १६, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००. एफ १६ का लावलं?

बी-६०४ काका: व्हिडिओत सांगितलं होतं, सगळं शार्प येतं म्हणून.

सी-२०१ कॅमेरावाली: तो डोंगर-दऱ्यांसाठी असणार. डोंगर हलत नाही. तुमच्या उजवीकडच्या पक्ष्याने पंख उघडलेत, आतला लाल आणि कडेचा काळा रंग दिसायला हवा होता, तिथे नुसता फराटा आलाय. एफ ८ वर या, भोक मोठं होईल, दोन स्टॉप मिळतील (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). आयएसओ २०० करा, आणखी एक. १/१२५ चे थेट १/१००० झाले, उजेड तेवढाच. फोटोत दाणे येतील म्हणून आयएसओला घाबरू नका, ८०० पर्यंत बिनधास्त जा.

सी-२०१ कॅमेरावाली: वहिनी, रंगाचं सांगते. टॉवर मागे आले म्हणजे काका पूर्वेकडे तोंड करून उभे होते, ऊन समोरून. पक्षी काळपट आले, मग काकांनी मोबाईलवर ब्राइटनेस ओढला. त्यात पाणी पांढरंफटक झालं आणि होता नव्हता तो गुलाबीही गेला. फाइलमध्ये आहे बघा. शिवाय डावीकडचं पिल्लू आहे, ती राखाडीच असतात. शेवाळ आणि बारीक जीव खाऊन खाऊन रंग चढायला काही वर्षं जातात.

ए-१०३ वहिनी: अगंबाई! म्हणजे खाण्याचा रंग?

सी-२०१ कॅमेरावाली: हो. आणि काका, हे लहान रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो आहेत. चोच पूर्ण गडद आहे. मोठ्या रोहितची चोच गुलाबी असते, फक्त टोक काळं.

ए-५०२: काका हे घ्या, टॉवर काढून दिले. दोन मिनिटांचं काम. [फोटो]

ए-७०१ गुड मॉर्निंग: वा! आता खरा निसर्ग.

बी-६०४ काका: स्वच्छ वाटतंय खरं.

सी-२०१ कॅमेरावाली: मला नाही आवडला. आता तो कुठल्याही तळ्यावरचा फोटो झाला. असे हजारो मिळतात आणि ते काढणाऱ्यांकडे लाखाच्या लेन्स असतात. पायाशी चिखल, डोक्यावर वीस मजली गॅलऱ्या आणि मधे हे उभे, हे इथेच दिसतं. टॉवर ठेवा. अडचण टॉवरची नाहीच, तो मधल्या पक्ष्याच्या डोक्यातूनच उगवलाय त्याची आहे. दोन पावलं डावीकडे सरकला असतात तर डोकं दोन इमारतींच्या मधल्या आकाशात आलं असतं.

बी-६०४ काका: हे मात्र अजिबात लक्षात आलं नव्हतं.

सी-२०१ कॅमेरावाली: कोणाच्याच येत नाही, आपण पक्ष्याकडेच बघत असतो. बाकी किरकोळ: पाण्याची रेघ डावीकडे कललीय, ती क्रॉपमध्ये सरळ होईल. पण उजवीकडच्याच्या चोचीपुढे जागा नाही, ती नंतर आणता येत नाही. आणि तिघांपैकी दोघांची डोकी पाण्यात आहेत. ते उलटी मान घालून चरतात, मधेच वर बघतात, तोवर थांबायचं.

ए-५०२: थांबायचं कशाला? जोरात टाळी वाजवायची, सगळा थवा उडतो. भारी येतो फोटो.

डी-००२ करावे: असलं काही करू नका हो. पोट भरायला आलेत ते, उन्हाळा संपताना परत लांब जायचंय.

सी-२०१ कॅमेरावाली: आणि घाबरून उडाले की सगळ्यांची पाठच येते फोटोत.

बी-६०४ काका: टाळी नाही, कबूल. मग ऊन पाठीमागे हवं तर संध्याकाळी जाऊ? परवा संध्याकाळी गेलो होतो, एकही नव्हता.

डी-००२ करावे: परवा दशमी होती. दशमीला संध्याकाळी कसे असतील? तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. दाही पाऊणे साडेसात. तुम्ही पाचला गेला असाल तर खाडीत चिखल उघडा, पक्षी तिकडे चरत असणार. भरतीने चिखल बुडाला की ते आत तळ्यावर येतात. आज द्वादशी, भरती नऊची. काका, तुम्ही नऊच्या सुमारासच होता ना?

बी-६०४ काका: नऊ वाजून पाच मिनिटं! फाइलवर आहे.

सी-२०१ कॅमेरावाली: दादा, हे मी ॲपमध्ये बघते 😄 मग सप्तमी धरूया? साती पाऊणे सव्वापाच. ऊन छान तिरपं असेल.

डी-००२ करावे: सप्तमी-अष्टमीला भांग लागतो, पाणी फार चढत नाही. अर्धा चिखल उघडाच राहिला तर ते आत कशाला येतील? षष्ठी बघा. साडेचारची भरती, इथे खाडीत आत थोडी उशिराच धरायची. परवाचा नाही, त्यापुढचा मंगळवार.

सी-२०१ कॅमेरावाली: परफेक्ट. साडेचार ते सहा. काका, कॅमेरा टीव्ही मोडला (शटरचा वेग आपण ठरवायचा) ठेवा, १/१०००, आयएसओ ऑटो. पांढरट पक्ष्यांवर थेट ऊन पडलं की फोटोत पिसं नुसती पांढरीफटक येतात, म्हणून एव्ही प्लस-मायनस बटण दाबून धरून चाकाने काटा दोन खाचा मायनसकडे न्या. आणि उभे राहू नका, बसा. लेन्स पाण्याच्या जितकी जवळ तितकं त्यांचं प्रतिबिंब ठळक येतं.

बी-६०४ काका: गुडघे बसू देतील तेवढा बसेन. पण ऐरोलीहून बोट जाते ना, ती बरी नाही का? ठाणे खाडीचं अभयारण्य तिकडेच आहे.

सी-२०१ कॅमेरावाली: जा नक्की. २०१५ पासून अभयारण्य आहे, २०२२ ला रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. पक्षी खूप दिसतात. पण बोट हलते, हवं तिथे सरकता येत नाही, आणि तुम्हाला सध्या सरकायचंच शिकायचंय. तळ्याला रिक्षाने दहा मिनिटांत पोचतो आपण.

सेक्रेटरी: षष्ठीला पाऊणपट म्हणजे पहाटेची पण साडेचार धरायची का?

डी-००२ करावे: हो, दिवसातून दोनदा.

बी-६०४ काका: ठरलं. टॉवर राहू देतो. पण तो डावीकडचा विजेचा खांब मी खोडणारच, त्याचं काही कौतुक नाही मला.

सी-२०१ कॅमेरावाली: खांब खोडा खुशाल. फक्त स्पर्धेला पाठवणार असाल तर नको. पक्ष्यांच्या बऱ्याच स्पर्धांत खोडाखोड चालत नाही, मूळ फाइल मागतात.