मदत हवी आहे: रोझेटमधून सुटलेल्या टेलिफोनच्या वायरी कशा जोडू?

नमस्कार मंडळी,

गोव्यात डिचोली तालुक्यात डोंगरालगत आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे. आत मोबाइलला रेंज नाही, बोलायचं तर अंगणात तुळशीपाशी जावं लागतं. आई ७६ वर्षांची, गुडघ्यांमुळे तिला रात्री पायऱ्या उतरवत नाहीत. माझी वेर्ण्याला रात्रपाळी असते तेव्हा तिच्या खाटेजवळचा लँडलाइन हाच आमचा आधार.

चतुर्थीआधी रंगकाम काढलं. वसरीतला रोझेट, म्हणजे भिंतीवरची फोनची डबी, रंगाऱ्यांनी उतरवली आणि सगळ्या वायरी स्क्रूमधून निघाल्या. आधी फोटो काढून ठेवायचं कोणालाच सुचलं नाही. आठ दिवस झाले, आईचा फोन बंद.

भिंतीतून आता खांबावरची जाड काळी वायर दिसते, आत दोन तारा. शिवाय करड्या रंगाच्या दोन केबल, प्रत्येकीत चार तारा: निळी आणि तिला पीळ घातलेली पांढरी, नारिंगी आणि तिची पांढरी. एक केबल आईच्या खोलीत जाते, दुसरी माडीवर. कुठली कोणती ते कळत नाही, गिलाव्यात गाडलेल्या आहेत. काळ्या वायरीला थेट फोन लावला तर टोन स्वच्छ येतो, मल्टिमीटरवर ४९ व्होल्ट डीसी दिसतात. रंगकामाआधी मात्र पाऊस लागला की खरखर व्हायची, एवढी की आईला बोलणं समजत नसे.

आईची केबल ओळखायची कशी? तारा उलटसुलट लागल्या तर काही बिघडेल का? आणि हे मी स्वतः करणं सुरक्षित आहे ना?

प्रतिसाद

ताई, ४९ व्होल्ट म्हणजे बाहेरची लाइन जिवंत आहे. रिसीव्हर उचलला की ते दहाच्या आसपास उतरतात. न उचलताच उतरलेले दिसले तर घरात कुठेतरी दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत असं समजा.

आधी काळी वायर सोडवून बाजूला ठेवा. घंटी वाजताना तिच्यात ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो, उघड्या तारेला हात लागला तर चांगलाच झटका बसतो. विजा चमकत असतील तर कामाला हातच लावू नका.

मग आईच्या खोलीतल्या डबीत निळी आणि तिची पांढरी एकत्र पिळा. फोन काढलेला हवा. वसरीत येऊन मीटर ओहमवर, म्हणजे तारेचा रोध मोजायच्या खुणेवर ठेवून दोन्ही केबलींच्या निळ्या जोड्या मोजा. जिथे जेमतेम दोन-चार ओहम दिसतील ती आईची. पीळ सोडून पुन्हा मोजा, आता मीटरने काहीच दाखवता कामा नये. काही हजार ओहम दाखवले तर ओल शिरली आहे, पावसातली खरखर तिथलीच. माडीची केबलही अशीच तपासा.

आताच्या फोनना तारांची अदलाबदल चालते. पण निळीबरोबर नारिंगीची पांढरी लावू नका, जोडी मोडली की गुणगुण ऐकू येते. सांध्याला नुसती टेप गुंडाळू नका. आपल्या दमट हवेत तांबं आतून कळकतं. जेल भरलेले छोटे कनेक्टर मिळतात, ते दाबून बसवा.

धागाकर्ती

मनापासून आभार! आईची केबल अगदी निर्दोष निघाली, ३ ओहम. माडीची मात्र पीळ नसतानाही ४० हजार दाखवत होती. कपाटामागे टेप गुंडाळलेला जुना सांधा सापडला, उघडला तर तारा हिरव्या पडलेल्या. ती केबल सध्या जोडलेलीच नाही.

काल संध्याकाळी धो धो पाऊस होता. मी छत्री घेऊन तुळशीपाशी गेले आणि मोबाइलवरून घरचा नंबर लावला. आईने दुसऱ्याच घंटीला उचलला. "अगं, भिजतेस कशाला, आत ये," म्हणाली. एक एक शब्द स्पष्ट ऐकू आला.