मिमिक्यू नक्कल करतो, पण कशासाठी?

पोकेमॉन या व्हिडिओ गेममध्ये मिमिक्यू नावाचा एक प्राणी आहे. त्याला कुणीतरी पिकाचूची, म्हणजे त्यातल्याच प्रसिद्ध पिवळ्या पोकेमॉनची, 'स्वस्तातली कॉपी' म्हटलंय. मला ते अजिबात पटलं नाही. २०१६ च्या सन आणि मून गेममध्ये आलेला हा घोस्ट (भूत) आणि फेअरी (परी) प्रकारचा पोकेमॉन जेमतेम २० सेंटीमीटर उंच, वजन ७०० ग्रॅम. त्याचं खरं रूप भयंकर आहे, म्हणून माणसांच्या जवळ जाता यावं यासाठी तो पिकाचूसारखं दिसणारं जुनं फडकं पांघरतो. आणि पिकाचूचंच का, तर तो सगळ्यांचा लाडका म्हणून! यात फसवणूक कसली?

लढाईत पहिला फटका ते फडकंच झेलतं, मग त्यावरच्या पिकाचूची मान एका बाजूला लटकते. ती लटकलेली मान पाहून मला खरंच वाईट वाटतं.

आमच्या सांगलीत भाचीने आजीच्या जुन्या हळदी लुगड्याच्या तुकड्याचा मिमिक्यू शिवलाय. गाल लाल दोऱ्याचे, एक कान दुमडलेला, शेपटीला खराट्याची काडी. रात्री तो उशाशी लागतोच. आत काय भरलंय ते मात्र ती कुणाला बघू देत नाही.