जुनं सेइको एसकेएक्स००७ घेतोय, पार्ट मूळचेच आहेत हे कसं ओळखायचं?

कोकणी_कासव:
नमस्कार मंडळी. डिसेंबरात तारकर्लीला स्कूबा शिकायला जायचंय आणि हातात खरं डाइव्ह घड्याळ असावं ही कॉलेजपासूनची इच्छा आहे. ठाण्यात एकाकडे एसकेएक्स००७ मिळतंय. बावीस हजार मागतोय, "सगळं ओरिजिनल" म्हणतोय. फोटोत काच फुगीर दिसते आणि बेझल (काचेभोवतीचं फिरणारं कडं) फार चकचकीत. मागच्या झाकणावरचा नंबर ६एन ने सुरू होतो, म्हणजे २०१६ चं, असं त्याचं म्हणणं. रविवारी बघायला जाणार आहे. काय काय तपासू?

चावीवाला:
आधी चावी, म्हणजे बाजूची फिरवायची गुंडी. ती चारच्या खुणेजवळ असते. आटे सोडवून मोकळी करा आणि बाहेर न ओढता फिरवा. मूळ ७एस२६ मशीनला हाताने चावी देता येत नाही, ते हातावरच्या हालचालीने भरतं. मग चावी पूर्ण बाहेर ओढा. मूळ मशीनचा सेकंदकाटा चालूच राहतो. तो थांबला आणि हाताने चावीही भरली, तर आत बहुतेक एनएच३६ हे दुसरं मशीन बसवलंय. ते मशीन चांगलंच आहे, पण मग "सगळं ओरिजिनल" कसं?

मूळ काच सपाट हार्डलेक्सची (सेइकोची कडक केलेली काच), बेझलवरची पट्टी अॅल्युमिनियमची. फुगीर काच आणि आरशासारखं बेझल म्हणजे बहुधा सफायर आणि सिरॅमिक, दोन्ही नंतर टाकलेलं. मूळ चावी कोरी असते, तिच्यावर अक्षर नसतं. सेकंदकाट्याचा चमकणारा ठिपका शेपटीकडे असतो, टोकाकडे नाही.

टॉर्च न्या. अर्धा मिनिट उजेड मारून दिवा घालवा. डायल आणि काटे एकाच हिरव्या रंगात, सारखेच मंदावत गेले पाहिजेत. काटे आधी विझले तर ते किंवा डायल बदललेलं असू शकतं.

डायलभोवतीच्या आतल्या रिंगची खूण डायलवरच्या बाराच्या खुणेशी किंचित जुळत नसेल तर मात्र घाबरू नका. कारखान्यातूनच तशी कित्येक आलीत.

आता नंबर. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा, दुसरं अक्षर महिना. एन म्हणजे नोव्हेंबर. हे मॉडेल १९९६ पासून २०१९ च्या आसपासपर्यंत निघत होतं, त्यामुळे ६एन हे २००६ चंही असू शकतं. आणि नंबर झाकणावर असतो. झाकण दुसऱ्या घड्याळाचं असलं तर तारीख त्या झाकणाची!

हे सगळं मी शिकलो ते माझ्या पहिल्या घड्याळाने तारकर्लीलाच पाणी घेतलं म्हणून. आठेक मीटरवर काचेच्या आत धुकं दिसलं. उघडल्यावर कळलं, कुणीतरी काच नवी टाकताना खालचं गॅस्केट (पाणी अडवणारी रिंग) जुनंच ठेवलं होतं. मला फार वाईट वाटलं होतं, म्हणून एवढं लिहितोय.

मालवणची_मासोळी:
चावीवाला दादांशी सहमत. बदललेले पार्ट चालतात, लपवलेले नाही चालत. आणि पाण्यात न्यायचं असेल तर मूळ की बदललेलं यापेक्षा प्रेशर टेस्ट, म्हणजे दाबाखाली पाणी शिरेल का ते बघणं, महत्त्वाची. झाकणावर २०० मीटर लिहिलंय ते नव्या घड्याळाबद्दल. टेस्टचं मशीन प्रत्येक घड्याळजीकडे नसतं, आधी फोन करून विचारा.

कोकणी_कासव:
जाऊन आलो. हाताने चावी भरली, सेकंदकाटा थांबला. टॉर्चमध्ये डायल आणि काटे मात्र सारखेच. विकणाऱ्याला दाखवलं तर तो खरंच चकित झाला, त्यानेही दुसऱ्याकडून घेतलं होतं. शेवटी चौदा हजारांत घेतलं आणि मशीन, काच, बेझलची पट्टी बदललेली आहे असं त्याच्याकडून व्हॉट्सअॅपवर लिहून घेतलं. बुधवारी टेस्टला देतोय.

चावीवाला:
छान केलंत. टेस्टच्या आधी झाकणाचं, काचेचं आणि चावीचं, तिन्ही गॅस्केट नवी टाकून घ्या. चावीचं विसरतात.