निविदेची कामे सांभाळून कारखान्यात नवे प्रयोग कसे चालवावेत? सल्ला हवा

मकरपुरा_ट्रान्सफॉर्मर
नमस्कार. वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आमचा वितरण ट्रान्सफॉर्मरांचा कारखाना आहे. तो वडिलांनी उभा केला असून आता रोजचे कामकाज मी पाहतो. साधारण सत्तर माणसे कामाला आहेत आणि निम्म्याहून अधिक माल सरकारी वीज कंपन्यांच्या निविदांवर जातो.

सध्या दोन कल्पना समोर आहेत. टाकीच्या झाकणातून तेल झिरपते, ही जुनी डोकेदुखी आहे. आमच्या एका फिटरने सुचवले की बोल्टाभोवती ठरावीक जाडीची पोलादी कडी बसवावी, म्हणजे पान्याने कितीही आवळले तरी गॅस्केट (झाकणाखालची गळतीरोधक पट्टी) ठरल्यापेक्षा जास्त चेपणार नाही. दुसरी कल्पना आमच्या डिझाइनर ताईंची आहे: सौर प्रकल्पांसाठी इन्व्हर्टर ड्यूटी, म्हणजे इन्व्हर्टरला जोडून चालणारे, ट्रान्सफॉर्मर बनवावेत. वडिलांचे म्हणणे असे की मार्चअखेरची डिलिव्हरी आधी, बाकी सगळे नंतर; आणि ते चूक आहे असे मलाही म्हणवत नाही. वेगळा आर अँड डी विभाग काढावा का, सूचनांना बक्षीस ठेवावे का, आणि निर्णय कोणी करावा, यावर जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अलकापुरीकर
विभाग आणि बक्षीस हे प्रश्न नंतरचे आहेत. नवेपणाचे पैसे तुम्हाला कोण देणार, हे आधी ठरवा. निविदेच्या मालाचा तपशील आयएस 1180 (भाग 1) : 2014 हे भारतीय मानक आणि खरेदीदाराच्या अटी यांनी बांधलेला असतो. त्यापलीकडे तुम्ही काही चांगले दिलेत तरी काम बहुधा सर्वांत कमी दर भरणाऱ्यालाच मिळते. त्यामुळे तिथे खर्च घटवणारी किंवा हमीच्या काळातल्या तक्रारी कमी करणारी कल्पनाच तुमच्या पदरात काही टाकते. फिटरची कडी नेमकी त्या जातीची आहे. सौर ट्रान्सफॉर्मरचे तसे नाही. तिथे गिऱ्हाईक वेगळे, स्पर्धक वेगळे आणि जोखीमही वेगळी. म्हणून या दोन कल्पना एकाच मापाने मोजू नका आणि एकाच माणसाच्या पदरी घालू नका.

कडीसाठी समिती नको. काही टाक्या कडी घालून आणि तितक्याच नेहमीच्या पद्धतीने बांधा, दाबाची चाचणी घ्या, तेल भरून शेजारी शेजारी उभ्या ठेवा आणि फोरमनला निर्णय करू द्या. कॉर्कचे गॅस्केट पहिल्या दिवशी घट्ट दिसते आणि काही आठवड्यांनी दबून सैल पडते, म्हणून घाईने निकाल देऊ नका. मंजूर रेखाचित्रात बदल होत असेल, तर खरेदीदाराची लेखी संमती मात्र आधी घ्या.

सौर ट्रान्सफॉर्मरचा खर्च टप्प्याटप्प्याने मोकळा करा. पहिल्या टप्प्यात प्रकल्प उभारणाऱ्या चार-पाच ठेकेदारांशी बोलणे आणि कागदावरचे डिझाइन: हार्मॉनिक्समुळे (इन्व्हर्टरमुळे विजेत मिसळणाऱ्या जादा लहरींमुळे) वाढणारी उष्णता, कमी व्होल्टेजच्या एकाहून अधिक वाइंडिंग (तारांच्या गुंडाळ्या), वाइंडिंगांमधला शील्ड (धातूचा पडदा). दुसऱ्यात एक नमुना. तिसऱ्यात टाइप टेस्ट, म्हणजे त्या डिझाइनच्या नमुन्याची प्रयोगशाळेतली चाचणी. त्यासाठी विद्युत उपकरणे तपासणारी, 1974 पासूनची एर्डा ही संस्था मकरपुऱ्यातच आहे, हे तुमचे भाग्य. प्रत्येक टप्प्याआधी ‘असे झाले तर थांबायचे’ हे लिहून ठेवा आणि त्यावर वडिलांची सही घ्या. पैसे गुंतल्यावर थांबण्याची अट ठरवणे कोणालाच जमत नाही.

पीथमपूर_इंदूर
वरील सल्ल्याला माझी एक जोड आहे. थ्रीएममध्ये 1948 पासून कर्मचाऱ्यांना पंधरा टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांवर घालवता येतो, असे उदाहरण तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. तिथेही 1968 मध्ये सापडलेल्या चिकटद्रव्यापासून बनलेल्या चिकटचिठ्ठ्या अमेरिकेच्या बाजारात सर्वत्र यायला 1980 उजाडले. इतकी वर्षे वाट पाहण्याइतका पैसा मोठ्या कंपनीकडे असतो. लहान कारखान्याने ती पद्धत जशीच्या तशी उचलू नये.

रावपुरा_वाचक
वेगळ्या विभागाला माझाही विरोध आहे, पण वेगळेपण थोडे तरी हवेच. आयबीएमने 1981 साली आणलेला पर्सनल कॉम्प्युटर मुख्यालयापासून दूर, फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे एका लहान चमूने साधारण वर्षभरात उभा केला. घरची रीत सोडून त्यांनी प्रोसेसर इंटेलचा आणि ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची घेतली. कंपनीच्या नेहमीच्या मंजुऱ्यांतून जावे लागले असते, तर हे इतक्या लवकर झाले नसते. तुम्हाला दूर जायची गरज नाही. ताईंना आठवड्यातले दोन दिवस नेमून द्या आणि त्या दोन दिवसांत डिस्पॅचचे काम त्यांच्याकडे जाणार नाही, हे वडिलांच्या तोंडून सगळ्यांसमोर सांगा. तुम्ही सांगितलेत तर मार्चमध्ये ते मोडेल.

बक्षिसाबद्दल सांगायचे, तर रक्कम लहान ठेवा आणि उत्तर लवकर द्या. टोयोटाने फोर्डची सूचना-योजना पाहून 1951 मध्ये स्वतःची सुरू केली. अशा योजनेचा जीव माझ्या मते उत्तर मिळण्यात आहे, कारण ज्याच्या चिठ्ठीला उत्तर येत नाही तो दुसरी चिठ्ठी लिहीत नाही. नकार असेल तर कारणासह, समोरासमोर सांगा.

मकरपुरा_ट्रान्सफॉर्मर
आपणा सर्वांचे मनापासून आभार. कडीची चाचणी फोरमनकडे सोपवतो आणि ताईंच्या दोन दिवसांबद्दल आज रात्री वडिलांशी बोलतो. कडीचे पेटंट घ्यावे, असे एका परिचिताने सुचवले आहे. त्याबद्दल काय वाटते?

अलकापुरीकर
त्यात पैसे घालू नका. गॅस्केटचे चेपणे रोखणारे असे स्टॉपर अनेक उत्पादक पूर्वीपासून वापरतात, त्यामुळे नावीन्याच्या कसोटीवर ते टिकणार नाही. सौर ट्रान्सफॉर्मरच्या डिझाइनमध्ये खरोखर वेगळे काही निघाले, तर ठेकेदारांना रेखाचित्र दाखवण्यापूर्वी पेटंटचा प्रोव्हिजनल (प्राथमिक) अर्ज करा. पूर्ण तपशील भरायला त्यानंतर 12 महिने मिळतात. आणि कडी चाचणीत उतरली, तर रेखाचित्राच्या कोपऱ्यात त्या फिटरचे नाव जरूर घाला.